दाजींनी पास केलेली पिकअप

जुनी गाडी विकायला काढलेला माणूस आमच्याकडे पोलिसाला भीत नाही, आरटीओला भीत नाही, देवाचीही फारशी तमा बाळगत नाही. तो भितो फक्त आमच्या दाजींना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पैठणपासून फुलंब्रीपर्यंत कुणालाही जुनी जीप, जुना टेम्पो, जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला की तो आधी दाजींच्या दारात येऊन उभा राहायचा. दाजी ‘पास’ म्हणाले की व्यवहार झालाच म्हणून समजायचं, आणि ‘नापास’ म्हणाले की ती गाडी वर्षभर कुणी घेत नसे; मग बिचारा मालक ती लांब कुठेतरी परजिल्ह्यात नेऊन विकायचा. दाजी हे काम शिकले शहरातल्या जिन्सी भागात एका उस्तादाच्या हाताखाली. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर लिलावात निघालेल्या लष्करी गाड्या दुरुस्त करता करता तो उस्ताद म्हातारा झाला होता, आणि दाजींचं खरं मानायचं तर तो डोळे मिटून नुसता इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि गाडी आजवर किती जणांनी चालवली ते सांगायचा. उस्ताद गेल्यावर त्याचा कान दाजींकडे आला, असं सगळे गॅरेजवाले मानत. दाजी एका कारखान्याच्या गॅरेजमधून मुख्य मिस्त्री म्हणून निवृत्त झाले तेव्हा आता यांनी घरी बसावं अशी अक्काची फार इच्छा होती. दाजी बसलेही. चांगले चार दिवस बसले.

गाडी बघायला निघालेले दाजी लांबून ओळखू यायचे ते कपड्यांवरून. जन्मभर ग्रीस आणि डिझेलमध्ये वावरलेला हा माणूस त्या दिवशी मात्र पांढराशुभ्र पायजमा आणि पांढराशुभ्र सदरा घालायचा. मग पोतं अंथरून गाडीखाली उताणं पडायचा, मालकाला इंजिन चालू ठेवायला सांगायचा आणि पाच-सात मिनिटं हलायचा नाही. वरून जे काय ठिबकायचं ते सदऱ्यावर ठिबकायचं, आणि त्यासाठीच तो सारा खटाटोप असायचा. “काळ्या कापडावर गळती दिसती का पाव्हणं?” असं ते मला विचारायचे. घरी आले की अक्का सदरा उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, “आज गिअरबॉक्स का?” अक्काचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण डाग इंजिनाच्या तेलाचा की ब्रेकच्या, हे तिच्याइतकं बिनचूक सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा गंगापूरकडची कुठलीशी जीप बघून दाजी परतले ते सदऱ्यावर एक ठिपका न घेता. अक्का चरकली. “अहो, तेलच नसंल तिच्यात,” ती म्हणाली. दाजी तसेच उलट्या पावली गंगापूरला गेले, आणि खरोखरच त्या जीपमध्ये तेल नव्हतं.

गाडीच्या आधी ते मालकाच्या चपला बघायचे. डाव्या चपलेचा चवडा उजव्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला की यांच्या कपाळाला आठी पडलीच. “ह्यो मानूस क्लचवर पाय ठिवून गाडी हाकतो,” असं ते मालकाच्या तोंडावर सांगायचे. फुलंब्रीच्या एका मास्तरांनी ही कीर्ती ऐकून मुद्दाम नव्या कोऱ्या चपला घातल्या, तर दाजींनी त्यांना शिडी लावून माळ्यावरच्या जुन्या चपला काढायला लावल्या. दुसरा नियम असा की इंजिन थंड असताना गाडी बघायची. “निजून उठल्या उठल्या मानूस खरं वागतो. गाडीचंबी तसंच,” असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हे म्हणणं ते गाडीपुरतंच ठेवते तरी बरं. माझ्या पुतणीसाठी एक स्थळ आलं तेव्हा दाजी मुलाला बघायला म्हणून भल्या पहाटे त्यांच्या घरी हजर झाले. मुलगा तोंडात ब्रश धरून बाहेर आला. दाजींनी त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, चहा घेतला आणि घरी येऊन ‘पास’ असा निकाल दिला. त्या दोघांचं चांगलं चाललंय, हे इथे सांगायला हवं.

आणि चाचणीची फेरी मारताना ते कधी पुढे बसत नसत. मागे हौद्यात, बरोबर मागच्या चाकांच्या आसाच्या वर, मांडी घालून बसत. गाडी पुढच्या सीटवरच्या माणसाला थापा मारते, खरं ती मागे बसलेल्याला सांगते, असा त्यांचा अनुभव. या सगळ्या परीक्षांचा शेवट व्हायचा तो हातभर लांबीच्या एका स्क्रूड्रायव्हरने. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी आजूबाजूला कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. निकाल त्यानंतर लागायचा.

घरात एकच अडचण उभी राहिली होती. दोन वर्षांपासून अक्काला कमी ऐकू यायला लागलं होतं. ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, “जरा मोठ्यानं बोला रं बाबांनो, मला कान नाय राहिले.” तेव्हापासून त्यांच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. अक्काही ओरडून बोलायची. टीव्ही अशा आवाजात लागायचा की गल्लीत दुसऱ्या कुणाला आपला लावायची गरज पडत नसे, आणि आज दाजींच्या ताटात काय आहे हे कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही ठाऊक असायचं. दाजी मात्र याबद्दल कधी तक्रार करत नसत. बायकोचे कान गेले तर तेवढं सोसायला हवं, असं त्यांचं समंजस मत होतं.

आता माझं सांगतो. लग्नाकार्याला जनरेटर भाड्याने देणं हा माझा धंदा. जनरेटर दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला. दोन टनांचं ते धूड मागे जोडून गावोगाव ओढून न्यायचं. ओढणाऱ्या जीपची चासी दिवाळीत चिरली आणि ती कायमची बसली. पुढची चार लग्नं मी भाड्याच्या गाडीवर काढायला गेलो, तर एक गाडी वाटेत बंद पडली आणि वऱ्हाड दोन तास अंधारात बसलं. त्यानंतर लोक माझं नाव घ्यायला कचरू लागले. आता नवा हंगाम अकरा दिवसांवर आला होता, पहिलं लग्न पैठणचं होतं, आणि मला एक जुनी, दणकट पिकअप हवी होती. जनरेटर ओढेल अशी, आणि लग्न नसेल त्या दिवशी मंडईची खेप करील, पोरीला कॉलेजला सोडील, आईला दवाखान्यात नेईल अशी. गाडी एकच घेता येणार होती. ती फसली असती तर धंदा गुंडाळून वाळूजच्या कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. म्हणून मी दाजींकडे गेलो. दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिली गाडी बघितली ती रोशन गेटजवळच्या सलीमभाईंकडे. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे सलीमभाई गोड माणूस, आणि त्यांची ती पांढरी पिकअप तर त्यांच्याहून गोड. रंग नवा, सीट नव्या, दारं अशी मऊ लागत होती की मी तिथेच मनाने तिचा मालक झालो. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं कुठे उजाडत होतं. दाजींनी काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला, तसाच ठेवून ते सलीमभाईंकडे बघू लागले.

“गरम है,” दाजी म्हणाले.

“धूप में खडी थी ना मिस्त्री साब.”

“सूरज को तो आने दो पहले.”

सलीमभाई खो-खो हसले, दाजीही हसले, चहा झाला, पण गाडी नापास. परत येताना मी रागावलो होतो. अकरा दिवस उरले असताना नुसता हात लावून एवढी देखणी गाडी सोडायची म्हणजे काय! “दाजी, निदान चालू करून आवाज तरी ऐकायचा,” मी म्हणालो. ते रस्त्याकडे बघत चालत राहिले. मला वाटलं, उत्तर द्यायचं नसेल.

पुढच्या पाच दिवसांत आम्ही सात गाड्या पाहिल्या आणि सातही नापास झाल्या. एकीच्या चासीला हुकापाशी जोड दिलेला होता, एकीचे स्प्रिंगचे पाटे बसलेले होते, एकीच्या मालकाच्या चपला बोलल्या. माझी झोप उडाली. पैठणचे लग्नवाले रोज फोन करत आणि मी रोज ‘गाडी घेतलीच म्हणून समजा’ असं ठोकून देत होतो. सहाव्या दिवशी गंगापूरच्या पुढे एका मळ्यात ती निळी पिकअप दिसली. तिला देखणी म्हणायला मन धजावत नव्हतं. रंग उडालेला, एक दार दुसऱ्याच गाडीचं, आणि वयाने पांढरीच्या दुप्पट. दाजी मात्र तिच्याभोवती एक चक्कर मारून थांबले. “मोठं इंजिन, जाड चासी. ही वढायसाठीच जल्मली,” ते म्हणाले. मग चपला झाल्या, थंड बॉनेटवर तळहात झाला. मालक म्हणजे एक वयस्कर शेतकरी. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आणि त्या क्षणी मला तो आवाज ऐकू आला. टक, टक, टक, टक. आत कुणीतरी बोटाने पत्रा वाजवत असावं तसा, अगदी स्वच्छ.

मी दाजींकडे पाहिलं. पूर्वी असा आवाज आला की त्यांची मान माझ्याआधी वळायची. त्या दिवशी ते हौद्याच्या फळ्या मोजत उभे होते. नंतर पोतं झालं, सदरा झाला, आणि त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनाला टेकवलं, आणि मूठ कानाला न लावता दातांत धरली. डोळे मिटून, मूठ चावून, ते कितीतरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. मालक चक्रावला. “मिस्त्री, दात कशापायी?” असं त्याने दोनदा विचारलं. दाजींनी डोळे उघडले, त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, “हाडाला खरं कळतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पास. घ्या ही.”

“दाजी, पण तो आवाज?”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नकळत इंजिनाकडे बोट केलं होतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं. “ते व्हय? टॅपेट ढिलं हाय. बेरिंग चांगलं हाय. काय काळजी करू नका,” ते म्हणाले.

टॅपेट ढिलं असेल तर अर्ध्या तासाचं काम. तोच आवाज आतल्या बेरिंगचा असेल तर भर हंगामात इंजिन फुटणार आणि माझाही कारभार आटोपणार. हे सांगणारे दाजी होते, म्हणजे एरवी मी निर्धास्त झालो असतो. पण त्यांनी तो आवाज ऐकून सांगितलं, की माझं बोट बघून? चाचणीला घेतलेली निळी पिकअप गंगापूरहून आणताना दाजी मागे हौद्यात आसावर बसलेले, मी पुढे गाडी चालवतोय, आणि माझ्या डोक्यात गेली दोन वर्षं उलटी उलगडत होती. सलीमभाईंच्या दारात त्यांनी इंजिन चालूच करायला सांगितलं नव्हतं. चपला बघायला कान लागत नाहीत. बॉनेटवरचा तळहात, सदऱ्याचे डाग, मागे आसावर बसणं, ही त्यांची जुनीच खुळं होती, पण हल्ली निकाल तेवढ्यावरच लागत होता. कानाचं काम त्यांच्या परीक्षेतून हळूच गळून गेलं होतं आणि आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मी मुद्दाम हॉर्न वाजवला आणि आरशात पाहिलं. दाजी शांतपणे उसाचे फड बघत बसले होते.

मालकाने गाडी दोन दिवस चाचणीला दिली होती. “मिस्त्रींनी पास केली म्हणल्यावर गाडी तुमचीच,” असं म्हणून त्याने पैशांचा विषयही काढला नाही. त्याच दुपारी मी एक पाप केलं. दाजींना न सांगता ती पिकअप जाधववाडीतल्या एका मिस्त्रीकडे नेली आणि म्हणालो, जरा बघा, बेरिंग वाजतंय का. त्याने बॉनेट उघडायला हात घातला आणि मग विचारलं, “ही दाजींनी बघितली का?” मी हो म्हणालो. त्याने बॉनेट तसंच खाली टाकलं. “मग मला कशाला नरकात घालता?” तो म्हणाला. चिकलठाण्याचा दुसरा मिस्त्री तर दाजींच्याच हाताखाली शिकलेला निघाला. त्याने मला चहा पाजला आणि गाडीला हात न लावता बाहेर काढलं. साऱ्या शहरात दाजींच्या निकालावर दुसरं मत देणारा माणूस मला मिळाला नाही. त्यांना ऐकू येत नाही हे मी त्यांना सांगू शकलो असतो. जीभ वळली नाही. चाळीस वर्षं ज्या कानावर माणूस उभा आहे, तो कान गेला हे त्याच्या तोंडावर कुणी सांगायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी म्हणाले, “आता गाडा लावून खुलताबादच्या घाटात चला. सपाटीवर समदेच पळत्यात.” आम्ही मागे जनरेटर जोडला आणि निघालो. चढावर निळ्या गाडीने जे बळ दाखवलं ते बघून माझाही जीव जरा खाली बसला. टक-टक चालूच होती, पण ती वाढत नव्हती. अर्ध्या चढावर दाजींनी मागून टपावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. त्यांना हँडब्रेक बघायचा होता, आणि त्यांची पद्धत सोपी होती. चढावर इंजिन बंद करायचं, गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा आणि पाय ब्रेकवरून उचलायचा. ते स्वतः खाली उतरून गाड्यामागे गेले, एक मोठा दगड चाकाशेजारी आणून ठेवला, पण चाकाला लावला नाही. चाक खरंच धरतंय का ते त्यांना बघायचं होतं. आरशात मला त्यांचा वर केलेला हात दिसला. मी पाय उचलला.

दोन-तीन क्षण गाडी उभी राहिली, तसे दाजी पाठ फिरवून तो दगड उचलायला बसले. मग कुठेतरी कट असं वाजलं आणि ती हळूच मागे सरकली. मी ब्रेकवर पाय दाबला. इंजिन बंद असलं की असल्या गाड्यांचा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, आणि मागून दोन टन खाली ओढत होते. “दाजी, बाजूला व्हा!” मी ओरडलो. आरशात ते गाड्याच्या उजव्या चाकामागे, माझ्याकडे पाठ करून, उकिडवे बसलेले दिसत होते. मी हॉर्न दाबून धरला. घाट दणाणला असेल. खालून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने तिथल्या तिथे ब्रेक मारला. दाजी हलले नाहीत. पाठ तशीच, मान तशीच, दगडाकडे लागलेली नजर तशीच. ते पांढरे कपडे आरशात मोठे मोठे होत गेले.

गाडा मागे घेताना स्टीअरिंग उलटं फिरवायचं, हे मला दाजींनीच शिकवलं होतं. डावीकडे डोंगर होता. मी होतं तेवढं बळ लावून स्टीअरिंग उजवीकडे ओढलं, दोन्ही पाय ब्रेकवर रोवले आणि अर्धा उभा राहिलो. गाड्याची शेपटी डावीकडे वळली, चाक दाजींच्या पाठीजवळून दूर गेलं, आणि जनरेटर डोंगराकडेच्या चारीत धप्पकन बसला. सगळं थांबलं. दाजींनी बाजूने चाक निघून गेल्यावर वर पाहिलं, कपड्यांवरची माती झटकली आणि सावकाश माझ्या खिडकीशी आले.

“हँडब्रेकची तार लांबलीय. बाकी गाडी एक नंबर,” ते म्हणाले.

मी उभ्या आयुष्यात दाजींना उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. मेला असतात, म्हणालो. मी केवढ्याने ओरडलो, कळलं का तुम्हाला, असंही म्हणालो. दाजी माझ्या ओठांकडे एकटक बघत होते, आणि राग ओसरता ओसरता माझ्या लक्षात आलं की ते शब्द गोळा करताहेत. “कळलं की,” ते जरा थांबून म्हणाले. “गाड्यावर हात व्हता माझा. हाताला कळलं. मी उठनारच व्हतो.” त्यांचे दोन्ही हात पुढे दगडाकडे होते, हे मी आरशात पाहिलं होतं. मी “बरं” म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

मोटारसायकलवाल्याच्या मदतीने गाडा चारीतून काढला आणि आम्ही घरी आलो. दाजी आंघोळीला गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्कापाशी जाऊन बसलो. हे तिला सांगायलाच हवं होतं, पण घसा फोडून सांगायची गोष्ट नव्हती ती. तिच्या कानाशी तोंड नेऊन कसं सांगावं याचा विचार करत मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, “अक्का, दाजींना काहीच ऐकू येत नाही गं.”

अक्काने पोळी उलटली. “मला ठाव हाय,” ती म्हणाली, तीही तितक्याच हळू. “दोन वर्षं झाली.”

पोळपाटावरची नजर न काढता ती म्हणाली, “समदे मोठ्यानं बोलले तर त्यांना थोडंफार कळतं. त्यांच्यासाठी बोला म्हणलं असतं तर त्यांनी घराबाहेर तोंड काढलं नसतं, बापू. मग म्हणलं माझेच कान गेले. बायकांचे काय, जात्यात.” बाथरूमचं दार वाजलं तशी तिने मान वर केली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “अहो, पोळ्या वाढू का?”

दुपारी दाजींनी अंगणात पिकअपचं बॉनेट उघडलं. हँडब्रेकला नवी तार घातली, इंजिनावरचं झाकण काढलं आणि टॅपेटमधल्या फटी एकेक करून पातळ पात्याने मापून बसवल्या. मी शेजारी उभा होतो. माझं सगळं भवितव्य त्या झाकणाखाली होतं आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. झाकण बसवून त्यांनी मला इंजिन चालू करायला लावलं. ते लागलं. दाजींनी स्क्रूड्रायव्हर उचलला, हातात फिरवला आणि पुन्हा खाली ठेवला. मग सरळ माझ्याकडे पाहिलं.

“गेला का?” त्यांनी विचारलं.

मी कान देऊन ऐकलं. इंजिन एका लयीत चाललं होतं. टक-टक नव्हती. दाजी माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मलाच परीक्षेला बसवल्यासारखं झालं. आजवर त्यांनी कुणाला असा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. मी मान हलवली आणि मोठ्याने म्हणालो, “गेला दाजी. पूर्ण गेला.” त्यांनी फडक्याने हात पुसले. पुसता पुसता त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि मलाही आवरेना म्हणून मी उगीच बॉनेट लावायला वळलो.

पैठणच्या लग्नाला ते स्वतः माझ्याबरोबर आले. या खेपेला हौद्यात चढले नाहीत, पुढे माझ्या शेजारी बसले. मागे जनरेटर, चटचटतं दुपारचं ऊन, आणि निळी पिकअप कुरकुर न करता धावत होती. थोड्या थोड्या वेळाने दाजी म्हणायचे, “आवाज सांगा.” मी सांगायचो. मागून घुंई असा येतोय म्हटलं की ते म्हणायचे, “टायरचा. पुढं?” खड्ड्यात गेल्यावर खट्ट झालं म्हटलं की म्हणायचे, “हुकाची पिन. त्यात ग्रीस घाला.” मी ऐकायचं आणि त्यांनी ओळखायचं, असं आमचं बिडकीनपर्यंत चांगलं जमलं. बिडकीन मागे पडल्यावर त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “पाव्हणं, एक विचारू का?”

“विचारा की.”

“तुमच्या अक्काला ऐकू येत नाय, म्हणून ती सारखी वरडून बोलती. वरडून वरडून मानसाचा गळा बिघडतो. मला काय तेवढं समजत नाय आता.” ते समोरच्या काचेकडे बघत होते. “तिचा पयला आवाज राहिलाय का?”

त्या दिवशी स्वयंपाकघरात दोन वर्षांनी पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला होता. लहानपणी मला झोपवताना अक्का बोलायची तोच, मऊ, जरासा बसका. तो मला ऐकायला मिळाला होता आणि यांना मिळत नव्हता, याची मला लाज वाटली. मी गाडी जरा हळू केली आणि त्यांना माझे ओठ दिसतील असा वळून बोललो.

“तसाच आहे दाजी.”

“नक्की?”

“नक्की. तिळभर फरक नाही.”

दाजी “बरं” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पैठण येईपर्यंत त्यांनी मला गाडीचा एकही आवाज विचारला नाही.